पंगतीचं तोंड

मोठी माणसं भुकेपेक्षा मानाला जास्त हपापलेली असतात, हे मी सांगून थकलो. पिंपळदऱ्याच्या लग्नातलंच ऐका. अक्षता संध्याकाळी होत्या, दुपारी वऱ्हाडाची पंगत बसली. नवऱ्याचा चुलता भिवराव पहिल्या पाटावर आणि मामा खंडेराव इनामदार शेवटच्या. झालं! इनामदार ताडकन उठला.

"मला शेपटाला बसवता? वऱ्हाड परत नेतो!"

मुलीच्या बापानं पागोटं त्याच्या पायाशी ठेवलं, तरी हा बाबा ऐकेना. आत नवरी रडायला लागली.

मुलीची मावशी तान्हूबाई बुंदीची परात घेऊन पहिल्या पाटाकडं निघाली होती. ती तिथनंच वळली, मांडवाच्या मागच्या बाजूनं शिरली आणि इनामदाराच्या पानावर आधी बुंदी वाढली.

"बसा मामासाहेब. वाढणारी जिथनं सुरू करते, तिथं पंगतीचं तोंड."

इनामदार ऐटीत बसला. तोच पलीकडनं भिवराव गरजला, "म्हणजे शेवटचा मी? मी नाही जेवणार!"

तान्हूबाईनं परात खाली ठेवली. "मामासाहेब, तुम्ही गावाचे न्यायनिवाडे करता. सांगा, पाट कुणाचा हलला?"

"कुणाचाच नाही."

"मग तुमचा राग गेला कसा अन् त्यांना आला कुठनं? मी नुसती उलट्या बाजूनं आले. तेवढ्यावर पोरीचं लग्न मोडायचं?"

सगळी पंगत खो खो हसली. इनामदार खाली मान घालून उठला, आपलं पान उचलून भिवरावाला खेटून बसला.

"वाढा बाई, आता कुठनंही वाढा."

संध्याकाळी अक्षता पडल्या, तेव्हा सगळ्यांत मोठ्यानं 'शुभमंगल सावधान' तोच ओरडला.