ब्रेकचं काम

“माझ्या गिऱ्हाइकांचं कान कोण भरतंय, वस्ताद?”

बायको-पोरीला बाहेर गाडीतच बसवून भैरू चौगुले शेडमध्ये शिरला तो हेच विचारत. नमस्कार नाही, तब्येतीची चौकशी नाही. ज्यांच्या हाताखाली अकरा वर्षं काम शिकला, त्या दस्तगीर मिस्त्रींशी गडी असा बोलत होता.

घाटमाथ्यावरच्या या शेडपासून मैलभरावर भैरूनं स्वतःचं गॅरेज काढलं होतं. थंडगार काचेची खोली, सोफा, फुकट कॉफी, तपासणीचं मशीन, कशाची म्हणून उणीव नव्हती. तरी ब्रेकचं काम करून घेतलेली माणसं दुसऱ्या दिवशी म्हाताऱ्याच्या दारात उभी. आज तिथं कातकर मास्तरांची पांढरी व्हॅन होती.

“परवाच हिला ब्रेकचं नवीन लायनर घातल्यात. धुऊन, पुसून दिली. मग ही हितं कशी?”

“मास्तर ठेवून गेले. मी अजून हात लावला न्हाई.”

“पण आले कशाला?”

“त्यांनी तुझ्याकडं इचारलं म्हणं, ब्रेकचं काम केल्यावर गाडी चालवून कुणी बघितली. कुणी सांगितलं न्हाई.”

भैरू भडकला.

“असलं इचारायचं असतंय? आम्ही काय चोर हाय? मशीनवर तपासून सहीचा कागद दिलाय.”

“सही कुणाची?”

“माझी.”



ब्रेकचं काम झालं की दस्तगीर स्वतः ती गाडी घेऊन घाटाची तीन वळणं उतरून परत येत. ऊन असो, पाऊस असो. भैरूनं हे अकरा वर्षं पाहिलं होतं, आणि अकरा वर्षं मनातल्या मनात हसला होता.

“दिवसाला धा गाड्या येतात माझ्याकडं,” तो म्हणाला. “एकेक घिऊन घाट उतरत बसलो तर धंदा कवा करू? तेवढं सांगा.”

दस्तगीरांनी व्हॅनची किल्ली त्याच्या हातात ठेवली.

“उतरून ये.”

“येतो की. भितोय व्हय मी?”

“सूनबाई बाहेर तुझ्या गाडीत बसल्यात न्हवं? पोरगीबी हाय. त्यास्नी संगं घे.”

“त्यास्नी कशाला?”

“मास्तर दुपारी बायको-लेकरं घिऊन कोकणात उतरणार हाईत.”

भैरू तावातावानं व्हॅनमध्ये बसला. ब्रेकवर पाय दिला. परत दिला. मग बायकोला हाक मारायला त्यानं खिडकीतून मान बाहेर काढली...

हाक काही मारली नाही.

तिसऱ्यांदा त्यानं ब्रेक दाबून पाहिला. मग खाली उतरला. राग अजून होताच, पण तो कुणावर काढायचा हे त्याला कळेना.

“वस्ताद, पान्हा द्या. एकदा चाक काढून बघतो.”

दस्तगीरांनी पान्हा दिला. आवाज मात्र पहिल्यांदाच चढला.

“परवा मास्तर किल्ली न्यायला आले, तवा का न्हाई काढलंस?”