तळवा कोणी पाहिला नाही

घाटाच्या पायथ्याशी एक बाजाराचं गाव होतं, आणि त्या गावात बांगड्या भरणारी एक म्हातारी कासारीण राहत होती. तिचं नाव येसू. गावातल्या बायकांचे हात तिला पाठ होते, कोणाला कुठल्या मापाची बांगडी लागते ते ती नुसत्या नजरेनं सांगायची. पण वय झालं तसे तिचे पाय सुजायला लागले. चार पायऱ्या चढल्या की दम लागायचा. मुलगा म्हणाला, "आई, आता तू काही करू नकोस. नुसती बसून राहा."

ती बसून राहिली. पाय आणखी सुजले.

त्या गावात बाजाराच्या दिवशी एक वैद्यीण येत असे. ती गावातल्या म्हाताऱ्यांना चावडीच्या ओट्यावर गोळा करायची आणि म्हणायची, "मी आठवड्यातून एकदा येते. तुमचं शरीर तुमच्यापाशी रात्रंदिवस असतं. मग त्याची खबर आधी कोणाला लागायला हवी, मला की तुम्हाला?" तिनं येसूला नडगीवर अंगठा दाबून बघायला शिकवलं. खळगा तसाच राहिला की समजायचं, पायात पाणी साठलंय. मग मीठ कमी, पापड-लोणचं बंद, आणि सकाळी झेपेल तेवढं चालायचं. येसूनं हे सगळं मनापासून केलं. दिवाळीपर्यंत ती देवळाच्या पायऱ्या न थांबता चढू लागली.

ओट्यावर तिच्या शेजारी शिदबा बसायचा. घोंगड्या विणण्यात त्याचा जन्म गेला होता. बायको वारलेली, घरात एकटाच. त्याला मधुमेह होता आणि त्यामुळे त्याचे पाय पार बधिर झाले होते. काटा रुतला तरी कळत नसे. वैद्यिणीनं त्याला बजावलं होतं, "तळवा रोज बघायचा. गोड तोंडात घालायचं नाही." पण शिदबाला वाकता येत नव्हतं. म्हणून तळवा येसू बघायची.

"दादा, पाय वर करा."

"अक्का, रोज काय बघतेस त्यात? तोच तर पाय आहे."

"तोच राहावा म्हणूनच बघते."

सगळे हसायचे. कोणी कोणाला औषधाची आठवण करून द्यायचा, कोणी चालायला जाताना दुसऱ्याला हाक मारायचा. असं ते म्हातारे एकमेकांच्या आधारानं, पण आपलं आपण सांभाळून होते.

गावात धान्याचे एक मोठे व्यापारी होते, मोरोपंत शेठ. ते तीर्थयात्रेहून परतले ते मनात एक संकल्प घेऊनच. म्हाताऱ्यांची सेवा करायची! संकल्प चांगलाच होता. त्यांनी चावडीचा ओटा पाडला आणि त्या जागी 'वृद्धसेवा मंदिर' उभं केलं. मऊ गाद्या, लोड, पंखा ढाळायला माणसं. वैद्यिणीला निरोप धाडला, "आता तुम्ही येण्याचे कष्ट घेऊ नका. म्हाताऱ्या जिवांना शिकवण्याचा त्रास कशाला? त्यांचं सगळं आम्ही करू."

म्हाताऱ्यांना मात्र कोणी काहीच विचारलं नाही.

सकाळी बैलगाड्या यायच्या, पुरुषांची वेगळी, बायकांची वेगळी. मंदिरात पुरुषांनी या भिंतीला बसायचं, बायकांनी त्या. चालायचं नाही, उठायचं नाही. सगळ्यांना एकच न्याहारी: तूप सुटलेला शिरा, वर खारे पापड. सगळ्यांना एकसारख्या नव्या वहाणा, कडक चामड्याच्या.

शिदबा पहिल्या दिवशी हळूच म्हणाला, "मला गोड चालत नाही."

"घ्या हो आजोबा!" सेवेकरी हसत म्हणाला. "या वयात कसलं पथ्य? शेठजींना वाईट वाटेल."

शिदबा भिडस्त माणूस. त्यानं शिरा खाल्ला. मग रोजच खाल्ला.

येसूनं पापड बाजूला सारले, तर सेवेकऱ्यानं तिला एक शब्द विचारला नाही. तो गेला तिच्या मुलाकडे. "तुमची आई फार हट्टी आहे हो." संध्याकाळी मुलगा तिच्यावर डाफरला, "लोक एवढं करतात आणि तू तमाशे करतेस?" येसूच्या अंगाची लाही झाली. ज्या तोंडात पापड जाणार होता, त्या तोंडाला विचारायला यांची जीभ झडते काय?

काही दिवसांनी तिनं पाहिलं, शिदबा गाडीतून उतरताना एक पाय टेकवताना अडखळतोय. तिनं सेवेकऱ्याला हाक मारली. "अरे, त्याचा तळवा बघ जरा."

"आजी, तुम्ही तुमचं बघा. आम्ही आहोत ना!"

ती स्वतः उठून जायला निघाली, तर दोघांनी तिला दंडाला धरून पुन्हा गादीवर बसवलं. अगदी हसतमुखानं. लहान मुलाला बसवावं तसं.

मग मंदिराचा मोठा समारंभ आला. शेठजी स्वतःच्या हातांनी म्हाताऱ्यांची पाद्यपूजा करणार होते. सनई वाजत होती, सारं गाव जमलं होतं. येसूचा मुलगा पुढेच उभा होता. शेठजींच्या मुलीचं लग्न ठरलं होतं आणि चुड्याचं सगळं काम त्याच्याच दुकानाला मिळणार होतं. सकाळीच त्यानं आईला सांगून ठेवलं होतं, "आज तोंड उघडू नकोस. हात जोड, आशीर्वाद दे, बस."

शेठजी शिदबासमोर बसले. चांदीच्या ताम्हनात त्याचे पाय घेतले, वरून पाणी सोडलं, कुंकू लावलं, फुलं वाहिली. पलीकडे बसलेल्या येसूला दिसलं, ताम्हनातलं पाणी गढूळ झालं होतं. ते कुंकवानं झालेलं नव्हतं. पायाभोवती माश्या घोंघावत होत्या.

तिनं मुलाकडे पाहिलं. त्यानं डोळे वटारले. चुड्याचं काम, वर्षाची कमाई, घरची शांतता, सगळं त्या डोळ्यांत होतं.

येसू उठली.

"पूजा थांबवा!"

"आजी, मुहूर्त टळेल," भटजी पुटपुटले.

"टळू दे!" ती तरातरा चालत पलीकडे गेली, खाली बसली आणि तिनं शिदबाचा पाय उचलून तळवा सगळ्यांसमोर धरला. कडक वहाणेनं घासून मोठी जखम झाली होती. ती चिघळली होती, दोन बोटं खालच्या बाजूनं काळी पडली होती. सनई बंद झाली.

"बघा," येसू म्हणाली. "पायाला हळदीकुंकू वाहिलंत. पाय उलटा करून बघावंसं एकालाही वाटलं नाही! तो सांगत होता गोड चालत नाही. मी सांगत होते तळवा बघा. आम्ही माणसं आहोत की तुमच्या देव्हाऱ्यातल्या मूर्ती? नैवेद्य दाखवायचा आणि उठू द्यायचं नाही!"

"मी काय कमी केलं?" शेठजी दुखावून म्हणाले.

"विचारलं नाहीत. तेवढंच कमी केलंत."

वैद्यिणीला आणायला गाडी पळवली. तिनं शिदबाचा पाय वाचवला, पण दोन बोटं गेली.

चुड्याचं काम दुसऱ्या कासाराला गेलं. मुलगा बरेच दिवस आईशी बोलला नाही. पण दुसऱ्या सकाळी बैलगाड्या आल्या तेव्हा एकही म्हातारा गाडीत चढला नाही. ते येसूच्या दुकानासमोर, रस्त्याच्या कडेला जमले आणि वैद्यीण तिथं येऊ लागली. मंदिरातल्या गाद्यांवर धूळ बसली.

शेवटी शेठजी एक दिवस तिथं आले. उभ्यानंच म्हणाले, "चुकलं माझं. आता तुम्हाला काय हवं?"

मग शिदबाच म्हणाला, "शेठजी, हा प्रश्न तुम्ही पहिल्या दिवशी विचारला असता तर मी आज काठी न घेता चाललो असतो. इमारत राहू द्या, पण गाद्या काढा. वैद्यीणबाईंना बोलवा. काय खायचं, कुठं बसायचं, कोणी कोणाचा पाय बघायचा, ते आम्ही ठरवू."

"मग मी काय करू?"

"तुमचंही वय झालंय," येसू म्हणाली. "वहाणा काढा आणि आमच्यात बसा."

शेठजी त्या दिवशी बसले नाहीत. मान खाली घालून निघून गेले. गाद्या मात्र दुसऱ्याच दिवशी निघाल्या आणि मंदिरात पुन्हा म्हाताऱ्यांचे आवाज घुमू लागले. कोणी मुलगा बापाला घेऊन आला आणि "यांना ना, रात्री..." असं सुरू झाला, की येसू त्याला हातानं थांबवायची आणि बापाकडे वळून म्हणायची, "तुम्ही सांगा दादा. काय होतंय?"

शिदबानं शेठजींना मनातून माफ केलं. येसूनं केलं नाही. फरशीवर शिदबाची काठी वाजली की तिचा राग नव्यानं उसळायचा, आणि तो तिनं कधी लपवला नाही.

तात्पर्य एवढंच: ज्याचं दुखणं, त्याला आधी विचारावं, न विचारता केलेली सेवा हाही एक अपमानच असतो, आणि त्याची किंमत सेवा करणारा कधीच भरत नाही.