दोरी कोण ओढणार

“ठेवू का परत करू, बुवा? एवढंच सांगा.”

रंगराव खवरेनं हे विचारलं खरं, पण उत्तर त्यानं आधीच ठरवून आणलं होतं. मठाच्या अंगणात, चिंचेखाली, नुकताच टेम्पोतून उतरवलेला जनरेटर उभा होता. नवा कोरा, लालभडक, चाकांवर दुकानातलं प्लॅस्टिक तसंच. दुकानदारानं तो पसंतीवर दिला होता. नको वाटला तर संध्याकाळपर्यंत परत.

त्या भागात नवी वस्तू आली की आधी देवाच्या नाहीतर गुरूच्या पायाशी जाते. ट्रॅक्टर येतात, ऊसतोडणीची यंत्रं येतात, एका बाईनं तर मिक्सर आणला होता. हळदकुंकू, नारळ, उदबत्ती, मग वस्तू घरी. धोंडीबुवांनी मिक्सरलाही कुंकू लावलं होतं. ते कशालाच नाही म्हणत नसत.

रंगरावाची बायको शालन पूजेचं ताट घेऊन दोन पावलं मागं उभी होती. ती नेहमी तिथंच उभी असायची.

“मला यातलं काय कळतंय?” बुवा म्हणाले. “तूच सांग.”

एवढं म्हणायचाच अवकाश, रंगरावाच्या तोंडाचा पट्टा सुरू झाला. गडी साखर कारखान्यात टर्बाइनवर होता. यंत्राचा नुसता आवाज ऐकून त्याचं दुखणं ओळखतो, असं त्याच्याबद्दल बोललं जायचं. बोलणारा बहुतेक वेळा तोच असायचा.

“बुवा, लोक फसतात ते इथंच. यंत्र चालताना किती वीज खातं ते बघतात. पण मोटर सुरू होताना दुपटीतिपटीनं मागते. फ्रीज घ्या, पाण्याचा पंप घ्या. तेवढा जोर जनरेटरमधे नसला की बसला खाली.”

“सुरू होताना जास्त लागतं,” बुवा म्हणाले. “हे खरं.”

“म्हणून मी मोठाच बघितला. अख्खं घर चालेल यावर.”

“घरात कशासाठी पाहिजे एवढा?”

“आबांसाठी, दुसरं कशासाठी?”

हे मात्र खोटं नव्हतं. रंगरावाच्या वडिलांनी, आबांनी, जन्मभर गुऱ्हाळाच्या चुलवाणापुढं उभं राहून गूळ केला होता. त्या धुरानं छातीची चाळण झाली. आता नाकाला नळी लावून, हवेतून प्राणवायू काढणाऱ्या यंत्राशेजारी ते पडून असत. आत्ता त्यांच्याजवळ शेजारीण बसवलेली होती. ते यंत्र चालायचं विजेवर. आणि वीज त्या गावात पाहुण्यासारखी. वारं जरा कुठं सुटलं की तारा एकमेकींना भिडायच्या आणि गाव अंधारात जायचं.

“जनरेटरला धूर असंल की,” बुवा म्हणाले.

“असतोय. म्हणून घरात नाही ठेवायचा. माणसं थंडीवाऱ्यात दारं लावून आत चालू करतात आणि झोपेतच जातात. मी मागं परड्यात ठेवणार, भिंतीपासून लांब. तिथनं जाड वायर आत.”

“पाऊस?”

“वर पत्रा मारतो, चारी बाजू मोकळ्या ठेवून.”

“आवाज?”

“याचा कमी आहे. शेजारी कुरकुरणार नाहीत. पेट्रोलचा डबा वेगळा, न्हाणीच्या पलीकडं. सगळा विचार केलाय, बुवा. पंधरवडाभर दुसरं काही केलं नाही.”

बुवांनी मान हलवली. रंगरावाला ती पसंती वाटली. गुरुवारची सेवा इतकी वर्षं न चुकवणाऱ्या माणसाला आपल्या गुरूची मान ओळखू यावी, असं त्याला वाटायचं.

“चालू करून दाखव.”

रंगराव पुढं झाला. बाह्या सारल्या, एक पाय टेकवला, दोरीची मूठ धरली आणि एकाच हिसक्यात ओढली. यंत्र धडधडून उठलं. चिंचेवरचे पारवे उडाले, स्वयंपाकघरातली माणसं बाहेर आली. रंगरावानं सगळ्यांना बघू दिलं, मग सावकाश बंद केलं.

“बघितलंत? एका हाताचं काम.”

“छान,” बुवा म्हणाले. “आता हिला ओढू दे.”

कुणाला, हेच आधी रंगरावाला कळेना. बुवा शालनकडं बघत होते. त्यांनी हात पुढं करून तिच्याकडचं पूजेचं ताट स्वतः घेतलं आणि पारावर बसले.

“बुवा, तिला काय कळतंय यातलं?”

“मला तरी कुठं कळतंय?”

शालननं पदर खोचला. नवऱ्याकडं बघितलं नाही. वाकून मूठ धरली आणि ओढली. दोरी निम्मी आली आणि हिसका देऊन परत गेली.

पुन्हा ओढली. यंत्र नुसतं खोकलं.

तिसऱ्यांदा तिनं दोन्ही हात लावले. जनरेटर जागचा सरकला, पण सुरू काही झाला नाही. ती सरळ उभी राहिली आणि धाप टाकू लागली. बघणाऱ्यांतलं कुणीतरी हसलं. रंगरावही हसला. त्यात मायाही होती, नाही असं नाही.

“अहो, हे बायकांचं काम न्हवंच. मी आहे की.”

“तू असतोस?”

“म्हणजे?”

“घरी. लाईट जाती तेव्हा.”

“असतो की. म्हणजे... कारखान्यात पाळी असते. हंगामात दुहेरी पाळी. पण बाकीच्या वेळी...”

तो थांबला. बाकीच्या वेळी तो इथं असायचा. हे बुवांना सांगायची गरज नव्हती.

“मागच्या वेळी लाईट गेली, तेव्हा कसं केलंत?”

“कधी? भंडाऱ्याच्या दिवशी? काही नाही झालं, बुवा. घरात ऑक्सिजनचा सिलिंडर भरून ठेवलाय. यंत्र बंद पडलं की नळी काढायची आणि सिलिंडरला लावायची. मी सगळं दाखवून ठेवलंय.”

 बुवा शालनकडं बघत होते.

शालन जमिनीकडं बघत होती.

“बोल, पोरी.”

“काय नाही, बुवा.”

“बोल.”

...

“सिलिंडर होता,” ती म्हणाली. “चावी नव्हती.”

“कसली चावी?” रंगराव म्हणाला.

“सिलिंडर उघडायची. तुमच्या गाडीच्या डिकीत असती ती. पाने, पक्कड, सगळं तिथंच असतं. बायकांच्या हातात हत्यारं गेली की हरवतात म्हणून.”

ती हे टोमण्यानं म्हणाली नाही. जसं तिला सांगितलं गेलं होतं, तसंच तिनं सांगितलं.

“आणि तुमची गाडी इथं होती. भंडाऱ्याला.”

“मग फोन करायचा.”

“केला. बंद होता.”

सेवेच्या वेळी फोन बंद ठेवायचा, हा नियम मठात रंगरावानंच घातला होता. त्यासाठी त्यानं दोघातिघांचा पाणउताराही केला होता. त्याला ते आठवलं.

“मग?” बुवांनी विचारलं.

“शेजारपाजारचं समदं इथंच जेवायला आलेलं. मी सांडशीनं पिळून बघितलं. घसरली. मग आबांना उठवून बसवलं, खिडकीत. पाठीला माझी पाठ लावली. खांद्यावरनं सुपानं वारा घालत बसले. ओठ काळेनिळे पडले होते त्यांचे. मी म्हटलं, आता जातात. मला लई भ्या वाटलं, बुवा.”

“मग?”

“मग लाईट आली.”

 रंगरावाला तो दिवस आठवला. प्रसादाचा डबा घेऊन तो घरी गेला तेव्हा आबा झोपलेले होते आणि शालनच्या तळव्याला फडकं बांधलेलं होतं. काय झालं, असं त्यानं विचारलं होतं. विळी लागली, असं ती म्हणाली. नीट धरत जा, असं सांगून तो हात धुवायला गेला होता. पंगत कशी झाली, बुंदी कशी पुरली, हे त्यानं जेवताना सगळं सांगितलं. ती ऐकत होती.

“मला सांगितलं का नाहीस?” त्यानं विचारलं.

“आबांनी शपथ घातली. म्हणाले, गुरूच्या सेवेत होता. त्याच्या मनाला लावू नको.”

बुवांच्या हातातलं ताट जरा कलंडलं. त्यांनी ते खाली ठेवलं.  भंडारा त्यांच्याच गुरूंच्या नावाचा होता.

...

शेवटी रंगरावानंच तोंड उघडलं. गडी खाली पडला तरी हिशेब मांडत पडणारा.

“बटणाचा घेतो, बुवा. बटण दाबलं की सुरू. त्याला बॅटरी असते. तिला दोरी ओढायलाच नको.”

“बॅटरी उतरली की?”

“मग... दोरी.”

“कुणी ओढायची?”

 पंधरा दिवस रंगरावानं वीज मोजली, धूर मोजला, आवाज मोजला. चाळीस दुकानदारांना घोळात घेईल एवढं ज्ञान जमवलं. आणि त्या दोरीच्या टोकाला हात कुणाचा असेल, हे एकदाही त्याच्या मनात आलं नव्हतं. त्याच्या डोळ्यांपुढं तिथं नेहमी त्याचाच हात होता.

तो बायकोकडं वळला. एवढ्या वर्षांच्या संसारात त्यानं तिला साडीचा रंग विचारला होता, भाजी कुठली ते विचारलं होतं. आता विचारताना त्याची जीभ अडखळली.

“शालन... तुला कुठला पाहिजे?”

तिला उत्तर शोधावं लागलं नाही.

“दुकानात मागच्या अंगाला एक लहान होता, निळा. तुम्ही मालकाशी बोलत होता तेव्हा मी ओढून बघितला. दुसऱ्या ओढीला चालू झाला.”

“तो? अगं, तो खेळणं आहे. त्याच्यावर ना फ्रीज चालायचा, ना पंप.”

“आबांचं यंत्र चालतंय. मी विचारलं. आबांचं यंत्र आणि एक दिवा.”

“आणि पाणी?”

“पाणी आडाचं काढीन की.”

“मग तिथंच बोलली का नाहीस?”

“तुम्ही विचारलं कुठं?”

  रंगरावानं लाल जनरेटरच्या चाकांवरचं प्लॅस्टिक नीट केलं, आणि टेम्पोवाल्याला हाक मारून फळ्या लावायला सांगितल्या. दोघांनी मिळून तो वर चढवला. चढवताना तो त्यालाही जड गेला. मग त्यानं गाडीची डिकी उघडली, आतली चावी काढली आणि शालनच्या हातात दिली. तिनं ती मंगळसूत्राच्या शेजारी, गळ्यातल्या काळ्या दोऱ्यात ओवली.

रंगराव बुवांच्या पायाशी आला आणि वाकला.

“लहानच आणतो, बुवा. पुढच्या गुरुवारी इथं घेऊन येतो. तुमचा हात लागू दे त्याला.”

“नको येऊस.”

“बरं. जनरेटर घरीच ठेवतो. नारळ तिथंच फोडतो.”

“तू नको येऊस.”

रंगरावाला वाटलं, आपण ऐकण्यात चुकलो. तो तसाच वाकलेला राहिला.

“गुरुवारी शालन येईल,” बुवा म्हणाले. “तिला यायचं असंल तर. तू आबांच्या पाठीला पाठ लावून बस.”

“बुवा...” त्याच्या डोळ्यांत पाणी आलं, आणि ते लपवायचंही त्याला सुचलं नाही. बापाचा जीव जाता जाता राहिला हे ऐकताना जे फुटलं नव्हतं, ते आता फुटलं. आणि हेही त्याच्या ध्यानात आलं, तशी त्याला स्वतःची लाज वाटली. “माझं चुकलं. पदरात घ्या. पण दारातनं घालवू नका. माझी एवढ्या वर्षांची सेवा आहे. पंगत कोण बघणार? आरतीला कोण उभं राहणार?”

बुवा उठले. कुंकवाचं ताट त्यांनी शालनच्या हाती परत दिलं. मग रंगरावाच्या खांद्याला धरून त्याला उभं केलं आणि त्याचं तोंड फाटकाकडं वळवलं.

“जा बाबा. इथं तुझ्यावाचून अंधार पडत नाही.”