वांग्यावरच्या पांढऱ्या कण्या

एका गावात एक बाई होती आणि तिच्या परसात वांग्यांचा लहानसा वाफा होता. लेक सातव्या महिन्यात माहेरी यायची होती. तिने निरोप धाडला होता, "आई, भरलं वांगं खाईन तर आपल्या परसातलंच." झालं, बाई दिवसभर वाफ्याभोवती घिरट्या घालू लागली.

आणि नेमक्या तेव्हाच झाडांवर अळ्या पडल्या. बोटाएवढ्या, हिरव्यागार. त्यातल्या काहींच्या पाठीवर तांदळाच्या कण्यांसारखं पांढरं काहीतरी चिकटलं होतं.

"अंडी आहेत ती," नवरा म्हणाला. "फुटली की वाफा फस्त. जाळून टाक."

कुंपणापलीकडून शेजारीण ओरडली, "अगं बाई, कोष आहेत ते फुलपाखरांचे! पोटुशी लेक घरी यायची, आणि तू जीव जाळतेस?"

बाईला नवऱ्याचं पटे, शेजारणीचंही पटे, आणि जरा विचार केला की दोघांचंही पटेनासं होई. अळी म्हणजे किड्याचं लेकरू, ते अंडी कसं घालील? आणि कोष असतील तर ते दुसऱ्याच्या पाठीवर कशाला? शेवटी तिने कण्यांची एक अळी पानासकट मडक्यात ठेवली आणि तोंडाला मलमलचं फडकं बांधलं.

"बघत बस," नवरा हसला. त्याचा काही गोंधळ नव्हता. त्याने कण्यांच्या उरलेल्या सगळ्या अळ्या वेचून चुलीत टाकल्या. साध्या अळ्या काय, चिमण्या टिपतील, म्हणाला.

चिमण्या काही आल्या नाहीत. साध्या अळ्यांनी निम्मा वाफा खाल्ला.

एके सकाळी मडक्यात बारीक भुणभुण झाली. आतली अळी वाळून चिपाड झाली होती, कण्यांना भोकं पडली होती आणि फडक्याखाली चिलटांएवढ्या काळ्या माश्या फिरत होत्या. बाईने मडकं वाफ्याच्या एका कोपऱ्यात नेऊन फडकं सोडलं. माश्या एका कोवळ्या अळीवर बसून नांगी टोचू लागल्या.

"अहो, ही अळीची अंडी नव्हती. अळीला मारणाऱ्यांचे कोष होते."

नवरा चुलीकडे बघत राहिला. "मग मी जाळलं ते..."

"आपले राखणदार जाळलेत."

लेक आली तेव्हा मडकं उघडलं त्या कोपऱ्यातच काय ती वांगी उरली होती, एका माणसापुरती. लेक मिटक्या मारत जेवली. बापाने त्या दिवशी मिठाशी भाकरी खाल्ली.

तात्पर्य: ओळख पटेपर्यंत गोंधळात राहिलेलं बरं, खात्रीने चुलीत टाकलेलं परत काढता येत नाही.