दिगंबरशेठची आमटी

संगमनेरच्या दिगंबरशेठच्या खानावळीतली आमटी नावाजलेली होती. तिच्याबद्दल कोणी शंका काढलेली शेठना खपत नसे. एकदा कुसुमावती देवचक्के नवऱ्याला घेऊन तिथे जेवायला गेल्या. साखर वाढल्यामुळे दवाखान्यात पडलेले यजमान नुकतेच घरी आले होते.

"आमटीत गोड काही घालता का?" बाईंनी विचारलं.

"अजिबात नाही," शेठ गल्ल्यावरूनच म्हणाले. "विश्वास नसेल तर माणसानं घरी जेवावं."

ओशाळलेल्या यजमानांनी वाटी उचलली. बाईंनी ती काढून घेतली, चमचाभर आमटी चाखली आणि शांतपणे म्हणाल्या, "खरंय तुमचं. पण आमच्या वन्संची आमटी जास्त चांगली. त्या सढळ हाताने गूळ घालतात. इथे काटकसर दिसते."

शेठ ताडकन उठले. "काटकसर? अहो, पातेल्यामागे अर्धी ढेप फोडतो मी."

बाईंनी वाटी बाजूला सरकवली.

"मग यांना भाकरी आणि ठेचा द्या."

तेवढ्यात पलीकडच्या टेबलावरचे वृद्ध गृहस्थ म्हणाले, "शेठ, मला रोज बिनसाखरेचा चहा देता, त्यात किती फोडता?"