बासष्टावं पान

“आणि चुकलो तर?”

“हरताळ लाव.”

“माझ्या पोथीत हरताळ नसतो, बुवा.”

केसोबुवा ओसरीवर तुरीच्या शेंगा सोलत बसले होते. त्यांनी एक शेंग सोलली, दाणे सुपात टाकले, टरफल गायीच्या पाटीत टाकलं आणि दुसरी शेंग उचलली.

त्र्यंबक त्यांच्यासमोर उभा होता. काखेत बांधलेलं गाठोडं. तो मठ सोडून जायची परवानगी मागायला आला होता. पण ज्या प्रश्नापायी जायची वेळ आली, तोच त्याच्या तोंडून बाहेर पडला.

त्र्यंबक पोथ्या नकलून देत असे. छापखाने तेव्हा या बाजूला आले नव्हते. पोथी जुनी झाली की कुणीतरी मांडी घालून बसायचं आणि ती अक्षर न् अक्षर नव्या कागदावर उतरवायची. पैठणपासून नाशिकपर्यंत त्र्यंबकच्या अक्षराचं नाव होतं. अकरा पोथ्या त्याने लिहिल्या होत्या, आणि त्या अकरांत मिळून हरताळाचा एक ठिपका नव्हता.

हरताळ म्हणजे पिवळा दगड. खलात बारीक वाटायचा, डिंकाच्या पाण्यात कालवायचा आणि चुकलेल्या अक्षरावर फासायचा. वाळला की खालचं झाकलं जातं आणि वर नवं लिहिता येतं. प्रत्येक लेखकाच्या बोरूशेजारी त्याची एक डबी असतेच. त्र्यंबककडे नव्हती. कुणी विचारलं तर तो म्हणे, “काठी लंगड्याला लागते.”

असं बोलणाऱ्या माणसाला पुढे कधीतरी ठेच लागते. त्यालाही लागली.

केसोबुवांच्या गुरूंनी साठ वर्षांपूर्वी औषधी मुळ्यांची एक पोथी लिहिली होती. कोणतं मूळ कशावर, किती, कशातून द्यायचं आणि कुणाला मुळीच द्यायचं नाही. दोनशे पानं. गिरणेकाठची पंधरा-वीस गावं तिच्या भरवशावर दुखणी काढत. आणि त्या पोथीला कसर लागली होती. वेखंड ठेवून झालं, कडुनिंबाचा पाला ठेवून झाला. तो चंदेरी किडा बधला नाही. पानापानाला मोहरीएवढी भोकं पडली होती. शब्द अजून जुळवून वाचता येत, पण आणखी एक पावसाळा गेला असता तर जुळवायलाही काही राहिलं नसतं.

म्हणून बुवांनी त्र्यंबकला बोलावून घेतलं. त्याने दसऱ्याला सरस्वतीची पूजा करून पहिलं पान मांडलं. दिवाळीपर्यंत एकसष्ट पानं झाली, एकेक पान मोत्यासारखं. बासष्टाव्या पानापासून विषारी मुळ्यांचं प्रकरण सुरू होत होतं. बचनाग, कण्हेर, धोतरा...

तिथे हात थांबला.

इथे ध चा मा झाला तर माणूस जाईल, असा विचार त्याच्या मनात आला. विचार चांगला होता. पण त्याच्या मागोमाग दुसरा आत शिरला, की इथे चुकलो तर अकरा पोथ्यांचं नावही जाईल. आणि मग हा दुसराच घरधनी होऊन बसला.

तेव्हापासून दोन महिने त्र्यंबकने पुष्कळ काम केलं, फक्त लिहिलं नाही. बोरू तासले. तासलेले पुन्हा तासले. शाई पातळ वाटली म्हणून काजळ नव्याने घोटलं, मग दाट वाटली म्हणून पाणी घातलं. दौलताबादी कागदाला दोनदा शंखाने घोटून झिलई आणली. बैठक खिडकीजवळून दाराजवळ हलवली, दारात वारा लागतो म्हणून परत खिडकीजवळ नेली. नाचता येईना अंगण वाकडं म्हणतात, त्यातलं अंगण सारवून घ्यायचं तेवढं राहिलं होतं.

बुवा सगळं बघत होते. एका शब्दाने बोलले नाहीत. याचाच त्र्यंबकला जास्त त्रास होई.

मग आठ दिवसांपूर्वी कोंडाबाई आली. ती नदीपलीकडची सुईण. एका बाळंतिणीचा ताप पाच दिवस उतरत नव्हता. पोरगी अठरा वर्षांची, पहिलटकरीण. कोंडाबाईने एका मुळीचं नाव घेतलं आणि ती किती द्यायची ते विचारलं.

बुवांनी सत्त्याऐंशीवं पान काढायला लावलं. त्र्यंबकने ते त्यांच्या पुढ्यात धरलं. मुळीचं नाव होतं. पण जिथे प्रमाण लिहिलेलं, नेमकं तिथे भोक होतं... बुवा पानावर वाकून बराच वेळ बघत राहिले. एका जागी त्यांनी अंगठा टेकवला. मग पान बाजूला ठेवलं आणि कोंडाबाईला सुंठीचा काढा आणि ओल्या फडक्याच्या घड्या सांगितल्या. ती नाखुशीनेच गेली. तिला मुळी हवी होती.

त्र्यंबकने मनात हिशेब मांडला. तो थांबला नसता तर सत्त्याऐंशीवं पान कार्तिकातच उतरून झालं असतं. तेव्हा तिथे कदाचित भोक नव्हतं. त्याच्या आळसाने ते औषध त्या पोरीला मिळालं नाही.

काल कोंडाबाई पुन्हा येऊन सांगून गेली की पोरीचा ताप उतरला, ती उठून बसली, पेज मागून प्यायली. सगळ्यांना आनंद झाला. त्र्यंबकलाही झाला, पण लाजही वाटली. तिचं नशीब म्हणून ती वाचली, आपल्यामुळे नाही, हे काही त्याच्या मनातून जाईना. त्याने रात्री गाठोडं बांधलं.

“तर मी जातो, बुवा,” तो म्हणाला. “तुम्ही दुसरा कुणी बघा. ज्याला भीती वाटत नाही असा.”

“जा.”

त्र्यंबकला थोडं लागलं. एकदा तरी राहा म्हणतील असं त्याला वाटलं होतं.

“जाण्याआधी एक काम कर,” बुवा म्हणाले. “माझी नजर अधू झाली आता. मूळ पोथी आण. बासष्टाव्या पानापासून पुढे बघत जा. बोटभर जागा अशी शोध, जिथे कसरीने तोंड लावलेलं नाही. तिथे जे असेल तेवढंच वाच.”

त्र्यंबकने गाठोडं खांबाशी ठेवलं आणि पोथी आणली. बासष्टावं पान उजेडाकडे धरलं. चाळणीतून यावा तसा उजेड त्यातून आला. तो ओळीवरून बोट फिरवत गेला, खाली आला. एका जागी बोट थांबलं.

“सापडलं?”

“हो. ‘एक गुंज’ असं आहे.”

“पुढे.”

त्रेसष्टाव्या पानावर अशी जागा नव्हती. चौसष्टाव्यावर होती.

“‘सावलीत वाळवून’.”

“पुढे.”

“‘लहान मुलास नाही’.”

बुवा शेंगा सोलत होते. त्र्यंबक पानं उलटत होता. काही पानांवर काहीच नसे, काहींवर दोन शब्द, एखाद्यावर अख्खी ओळ. तो वाचत गेला आणि हळूहळू त्याचा आवाज उतरत गेला. कारण न खाल्लेल्या जागेचा रंग प्रत्येक वेळी एकच होता.

पिवळा.

ते डाग त्याने आधी पाहिले नव्हते असं नाही. एकसष्ट पानं त्यानेच उतरवली होती. पण त्याला ते बघवत नसत. एवढे मोठे गुरू आणि पानाआड हरताळ, असं त्याच्या मनात यायचं. तो डाग आला की नुसतं अक्षर उचलायचा आणि पुढे सरकायचा.

“थांबलास का?”

“हरताळ आहे, बुवा. जिथे जिथे धड आहे, तिथे हरताळ आहे.”

“बरं. पुढे.”

सत्त्याऐंशीवं पान आलं. प्रमाणाच्या जागी तेच भोक. त्याच्या खाली दोन ओळींवर एक पिवळा पट्टा, जिथे त्या दिवशी बुवांनी अंगठा टेकवला होता. पट्ट्याच्या कडेपर्यंत भोकंच भोकं होती. आत एकही नाही.

त्र्यंबकने वाचलं. मग पुन्हा मनातल्या मनात वाचलं...

“मोठ्याने.”

“‘बाळंतिणीस देऊ नये’.”

बुवांच्या हातातली शेंग फुटली. दाणे सुपात पडले.

त्र्यंबक पान घेऊन दारापर्यंत गेला आणि उन्हात धरलं. पिवळ्याच्या खालून जुनी काळी शाई पुसट दिसत होती.

“बुवा, खाली दुसरं लिहिलंय.”

“काय?”

“‘द्यावे’.”

...

गायीने टरफलांच्या पाटीत तोंड घातलं.

“म्हणजे त्या दिवशी प्रमाण खाल्लं गेलं म्हणून तुम्ही मुळी दिली नाही, असं नव्हतं,” त्र्यंबक म्हणाला.

“प्रमाण मला पाठ आहे.”

“गुरूंनी आधी चुकीचं लिहिलं होतं.”

“हो.”

“मग त्यांना कळलं कसं?”

बुवांचे हात पहिल्यांदाच थांबले. “मी तेव्हा पोरसवदा होतो. विचारलं होतं. ते बोलले नाहीत... त्या दिवशी जेवलेही नाहीत. हरताळ मात्र माझ्याकडून वाटून घेतला.”

“पान फाडून नवं लिहिता आलं असतं.”

“आलं असतं.”

त्र्यंबक उंबऱ्यावरच बसला. पान त्याच्या मांडीवर होतं. हरताळ विषारी, म्हणून कसर त्याच्या वाटेला गेली नाही, हे तो सांगायला लागला. बुवांनी ऐकून घेतलं आणि म्हणाले की तू शिकलेला, तुला ठाऊक असायचंच. त्यावर त्र्यंबक वरमला.

त्याला आपल्या अकरा पोथ्या आठवल्या. कुणाच्या देवघरात, कुणाच्या फडताळात, लाल फडक्यात बांधलेल्या. स्वच्छ. कुठे म्हणून पिवळा ठिपका नाही. त्यांना कसर लागली तर ती कुठे थांबणार होती?

“बुवा, माझ्या पोथ्या...”

बुवा उठले. आत गेले. कोनाड्यातून एक लहान खल आणि चिंधीत गुंडाळलेला पिवळा दगड घेऊन आले आणि त्याच्यापुढे ठेवले. दगड झिजून बोराएवढा झाला होता. गुरूंचा होता, हे सांगायची गरज नव्हती.

त्र्यंबकने गाठोडं सोडलं. आतून पंचा काढला, नाकातोंडावर बांधला आणि खल पुढे ओढला. आयुष्यात पहिल्यांदा तो हरताळ वाटत होता. ऊन उंबऱ्यावरून ओसरीखाली उतरलं तरी त्याचा हात थांबला नाही. पूड मैद्यासारखी झाली तेव्हा त्याने डिंकाचं पाणी घालून ती वाटीत कालवली, हात राखेने चोळून धुतले आणि बुवांच्या समोर येऊन उभा राहिला.

“रोज दोन पानं,” तो म्हणाला. “आजारी पडलो तरी एक. अक्षय्य तृतीयेला पोथी पुरी करून तुमच्या हातात देतो. त्याआधी मठाबाहेर पाऊल टाकणार नाही.”

बुवांनी नुसती मान हलवली.

तो बैठकीवर बसला. या वेळी खिडकी जवळ की दार, हे त्याने बघितलं नाही. डावीकडे मूळ पोथी, उजवीकडे दौत, दौतीशेजारी पिवळी वाटी. समोर बासष्टाव्या पानाचा कोरा कागद, दोन महिन्यांपूर्वी आखलेला, शंखाने घोटलेला, आरशासारखा. त्याने बोरू शाईत बुडवला आणि कागदावर आणला.

बोरू कागदापासून जवभर वर राहिला.

टोकावरची शाई वाळली. त्याने पुन्हा बुडवला, पुन्हा आणला. पुन्हा जवभर अंतर. कपाळावर घाम आला. सगळं कळलं होतं, सगळं पटलं होतं, शब्दही देऊन झाला होता. हाताला मात्र यातलं काही ठाऊक नव्हतं. तिसऱ्यांदा शाई वाळली तेव्हा त्याचे डोळे भरून आले, पण तो उठला नाही. दात खाऊन त्याने चौथ्यांदा बोरू बुडवला.

केसोबुवा केव्हा मागे येऊन उभे राहिले ते त्याला समजलं नाही. त्यांनी वाकून वाटीत अंगठा बुडवला, आणि त्या कोऱ्या, घोटलेल्या कागदावर, पहिल्या ओळीवरून, या समासापासून त्या समासापर्यंत हरताळ फासला.

त्र्यंबक पानाकडे बघत राहिला, मग त्यांच्याकडे.

“बुवा... अजून तर मी काही लिहिलंच नव्हतं.”

बुवा ओसरीच्या कडेला गेले. चिमूटभर राख घेतली, अंगठा चोळून धुतला, धोतराला पुसला.

“तेच चुकलं होतं,” ते म्हणाले. “वाळलं की वर लिही.”