खैरटोल्याची चिडकी विहीर

फार वर्षांपूर्वी, खैरटोल्याला यायला अजून रस्ता नव्हता, जंगलातून नुसती पायवाट यायची, तेव्हाची ही गोष्ट आहे. पूर्वेला, छत्तीसगडाकडं मोठा दुष्काळ पडला. तिकडची काही घरं डोक्यावर गाडगीमडकी घेऊन जंगल ओलांडून आपल्या झाडीपट्टीत आली आणि खैरटोल्याच्या तलावाशेजारी राहिली. ती ख्रिस्ती माणसं होती, मेनोनाइट पंथाची. गावाच्या जिभेवर तो शब्द काही केल्या बसेना, म्हणून गाव त्यांना मैनावाले म्हणू लागलं. सुरुवातीला पोरं त्यांच्या घराघरांतून मैनेचे पिंजरे शोधत हिंडली, असं म्हणतात.

या मैनावाल्यांचा नियम होता की कुणावर हात उचलायचा नाही. हत्यार धरायचं नाही, शपथ घ्यायची नाही, कुणी मारलं तरी उलट मारायचं नाही. नियम सोन्यासारखा होता आणि त्यांनी तो पाळलाही. पण तोंड आवरायचं, असं काही त्या नियमात नव्हतं. मग काय विचारता! मूठभर घरांची ती मंडळी, मातीच्या भिंतींचं आणि कवेलूंच्या छपराचं त्यांचं चर्च, आणि भांडण मात्र अख्ख्या तालुक्याला पुरेल एवढं. दिवा कुणी लावायचा यावरून भांडण. गाण्याचा सूर कुणी उचलायचा यावरून भांडण. आणि सगळ्या भांडणांचं आजोबा-भांडण होतं बाप्तिस्म्याचं.

मंडळीचे दोन वडीलजन होते, इलियाजर आणि अमोस. दोघे एकमेकांचे साडू. इलियाजर म्हणायचा, बाप्तिस्मा घेणाऱ्याच्या डोक्यावर पाणी ओतायचं. अमोस म्हणायचा, माणूस पाण्यात पुरता बुडवायचा. जंगलापलीकडून पाळकसाहेब यायचे, दोघांचं ऐकून घ्यायचे, कपाळाला हात लावायचे आणि आले तसे परत जायचे. त्यामुळं कित्येक वर्षं त्या चर्चमध्ये कुणाचाच बाप्तिस्मा झाला नाही.

त्याच मंडळीत सिप्पोराबाई होती. धिप्पाड बाई, लवकर विधवा झालेली. चर्च झाडायची, चटया धुवायची, पाणी भरायची. तिची मुलगी निर्मळा लग्नाला आली होती, आणि बाप्तिस्मा झाल्याशिवाय तिचं लग्न लागणार नव्हतं. सिप्पोराबाई वडीलजनांच्या दारात जायची. इलियाजर म्हणायचा, "आधी अमोसले समजाव." अमोस म्हणायचा, "माझ्याकडं काहून आली? त्या इलियाजरले विचार."

सिप्पोराबाईला राग यायचा. असातसा नाही, नाकातून वाफ निघावी असा राग. पण हात उचलायचा नाही, हा नियम तिलाही होताच. मग ती चर्चच्या मागं जायची, सब्बल, म्हणजे लोखंडी पहार, घ्यायची आणि जमिनीवर घाव घालायची. राग निवला की घरी यायची. दुसऱ्या रविवारी पुन्हा भांडण, पुन्हा सब्बल. असं करता करता तिथं खड्डा झाला. खड्ड्याची खोली वाढली, तेव्हा निर्मळा टोपल्यानं माती वर ओढू लागली. मुरूम संपून काळा दगड लागला, तरी भांडण काही संपलं नाही. गावची माणसं सांगायची, रविवारी दुपारी सब्बलीचा आवाज आला की समजावं, मैनावाल्यांची प्रार्थना आटोपली.

मग एके वर्षी पाऊसच आला नाही. धानाची रोपं शेताच्या बांधीतच वाळली. तलावाचा चिखल झाला, चिखलाच्या भेगा झाल्या. लोक झऱ्यांमागं रान रान फिरू लागले. आणि एके सकाळी सिप्पोराबाईच्या त्या खड्ड्यात पाणी दिसलं. फार नव्हतं, पायाच्या घोट्याइतकं. पण गोड होतं.

सगळं गाव भांडी घेऊन धावलं. सर्वांत पुढं सोमारीबाई होती, पलीकडच्या टोल्यावरची, म्हणजे वस्तीतली, गोंडाची म्हातारी. हे लोक जंगल ओलांडून आले, तेव्हा पहिली पेज तिनंच पाजली होती त्यांना.

आता ऐका, आणि ऐकून तुम्हीच डोक्याला हात लावा. इलियाजर आणि अमोस विहिरीवर आले. दोघांनी आत वाकून पाहिलं, मग एकमेकांकडं पाहिलं, आणि जन्मात पहिल्यांदा त्यांचं एकमत झालं! कशावर? तर पाणी थोडं आहे, ते मंडळीपुरतंच ठेवायचं, यावर. विहिरीवर फळ्यांचं झाकण घालायचं ठरलं. सोमारीबाई रिकामी घागर घेऊन माघारी वळली. जाताना एवढंच म्हणाली, "असू दे बाप्पा. तुमचंबी पोट हाय."

सिप्पोराबाईनं ते ऐकलं. तिचा चेहरा काळाठिक्कर पडला, असं म्हणतात.

सुतारानं फळ्या आणल्या, दोन्ही वडीलजन झाकण बसवायला आले, तर आतून आवाज येतोय, ठण्ण, ठण्ण. सिप्पोराबाई सब्बल घेऊन विहिरीच्या तळाशी उतरली होती.

"वर ये वो बाई," इलियाजर ओरडला. "झाकण लावाचं हाय."

"लावा की," ती खालून म्हणाली. "मी कुठं नाई म्हणते? माझ्यावर लावा."

जिवंत बाईवर झाकण कसं लावणार? आणि तिला ओढून काढावं, तर हात उचलायचा नाही हा नियम. पोर वर बसून रडते आहे, आई खाली दगड फोडते आहे, आणि वडीलजन काठावर उभे.

"हे तुझ्यामुळं झालं," अमोस म्हणाला.

"माझ्यामुळं? त्या पोरीचा बाप्तिस्मा कोणं अडवला?"

"तू अडवला! डोक्यावर लोटाभर पाणी ओतलं की झाला म्हणतोस!"

"आणि तुले बुडवाले तलाव पायजे! हाय का तलाव? दाखव मले!"

झालं. विहिरीच्या काठावर, दुष्काळात, तेच भांडण पुन्हा! खाली सिप्पोराबाईनं ते ऐकलं. आजवर गिळलेला सगळा राग तिच्या दंडात आला. "अरे देवा, यांचं तोंड तरी बंद कर, नाईतर हा दगड तरी फोड!" असं ती ओरडली आणि तिनं घाव घातला. तो घाव तीन कोसांवरच्या गुराख्यांनी ऐकला, असं म्हणतात. काळा दगड कलिंगडासारखा चिरला आणि पाणी उसळलं. आधी ते उंच उडून तिच्या डोक्यावर पडलं. मग गुडघ्यापर्यंत चढलं, कमरेपर्यंत, गळ्यापर्यंत. सिप्पोराबाईला पोहता येत नव्हतं. ती बुडाली.

निर्मळानं किंकाळी फोडून दोर आत टाकला. इलियाजरनं दोर धरला, पण त्याच्या एकट्यानं ती बाई निघणार थोडीच! अमोसनंही धरला. साडूच्या हातात साडूचे हात अडकले, पाय घसरले, आणि दोघांनी मिळून तिला वर ओढलं. काही म्हणतात, त्यांनी ओढलंच नाही, पाण्यानंच तिला हातावर धरून काठावर आणून ठेवलं. खरं काय ते पाण्याला ठाऊक.

सिप्पोराबाई खोकली, पदर पिळला आणि दोघांसमोर उभी राहिली.

"आता सांगा," ती म्हणाली, "हे ओतलं म्हणाचं, का बुडवलं?"

इलियाजर खाली मान घालून उभा राहिला. अमोस काठावरच बसला आणि लहान पोरासारखा रडला. मग तोच उठला, पलीकडच्या टोल्यावर गेला, आणि सोमारीबाईची घागर स्वतःच्या खांद्यावर घेऊन आला. संध्याकाळपर्यंत सगळ्या गावानं पाणी भरलं, तरी विहीर तेवढीच भरलेली.

पुढच्या रविवारी निर्मळाचा बाप्तिस्मा झाला. पाळकसाहेबांनी तो कसा दिला, हे खैरटोल्यात कुणी सांगत नाही. फारच खोदून विचारलं, तर म्हणतात, "पाण्यानं."

सिप्पोराबाई पुढं पुष्कळ वर्षं जगली. शांत झाली का? छे! मंडळीही सुधारली नाही. पण दोन माणसांचा आवाज चढला की ती नुसती सब्बलीकडं बघायची, आणि आवाज उतरायचा.

तिला जाऊन कित्येक पिढ्या झाल्या. चर्च आता पक्क्या विटांचं आहे. विहिरीला मात्र आजही झाकण नाही. गुड फ्रायडेच्या आदल्या दिवशी मंडळी एकमेकांचे पाय धुते, तेव्हा पाणी त्याच विहिरीचं लागतं, आणि ते काढायचा मान वर्षभरात सर्वांत जास्त भांडलेल्या दोघांचा असतो. हा मान कुणालाच नको असतो, त्यामुळं त्यावरूनही भांडण होतं, पण ते असो. दोघांना एकच दोर धरावा लागतो. पहिला पोहरा चर्चच्या कुंपणाबाहेरच्या टाक्यात ओततात, जाणाऱ्यायेणाऱ्या तहानलेल्यांसाठी. दुसरा घमेल्यात. मग त्या दोघांतला एक जण गुडघे टेकून खाली बसतो.

"पाय पुढं करा जी," तो म्हणतो. वैतागूनच म्हणतो.

आणि दुसरा पाय पुढं करतो.